कंसातला पाच

आमच्या मालकांच्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा इंदूरच्या ऑफिसात सगळ्यांना पत्रिका वाटल्या गेल्या. आम्ही त्या उघडल्या, गणपती बघितला, जेवण कुठल्या दिवशी आहे ते बघितलं आणि ड्रॉवरमध्ये टाकल्या. मुळ्येकाकांनी मात्र ती तपासून परत केली.

पत्रिकेत सुरेश दोन होते. एक नवरदेव आणि दुसरे मुलीचे धाकटे काका, जे खाली 'दर्शनाभिलाषी' म्हणून छापलेल्या नातेवाइकांच्या गर्दीत उभे होते. मुळ्येकाकांनी लाल पेनाने दोन्ही सुरेशांवर पुन्हा एकदा हात फिरवून नावं ठळक केली, प्रत्येकाला चिकटून बारीक कंस काढला आणि नवरदेवाला एक, तर काकांना आठ असा आकडा दिला. समासात लिहिलं, 'कौनसा सुरेश, हे पाहुण्याने ओळखायचं का?' मालक अजयजींनी ती पत्रिका घरी नेऊन आईला दाखवली. हा माणूस तुझ्याकडे नोकरीला आहे की तू त्याच्याकडे, असं त्या माऊलीने विचारल्याचं अजयजी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरले.

या माणसाची ओळख करून द्यायची तर आधी त्याच्या कंसाची ओळख करून द्यायला हवी. युनिक्स नावाची एक संगणकप्रणाली असते. तिच्याबरोबर माहितीची पानं येतात, एकेका आज्ञेला एकेक पान. पानाच्या शेवटी 'हेही पाहा' असं शीर्षक असतं आणि त्याखाली संबंधित पानांची नावं. ही नावं लिहायची एक ठरलेली रीत आहे. नाव ठळक अक्षरात, त्याला चिकटून कंस, कंसात विभागाचा आकडा, आणि कंस व आकडा दोन्ही साध्या अक्षरात. आकडा अशासाठी, की एकाच नावाची दोन पानं असू शकतात. पासवर्ड बदलायची आज्ञा पहिल्या विभागात असते आणि त्याच नावाच्या फाइलीची रचना पाचव्या विभागात. आकडा नसेल तर माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.

अमेरिकेतल्या कंपन्यांना अशी पानं लिहून देणं हे आमच्या कंपनीचं काम. मी बी.एस्सी. होऊन तिथे लागले, त्या पहिल्याच दिवशी टेबलावर माझ्या नावाची पट्टी होती: सुनीता, आणि कंसात एक. मी विचारलं, हा एक कसला? शेजारच्या टेबलावरून, मान वर न करता मुळ्येकाकांचं उत्तर आलं की पहिल्या विभागात आज्ञा असतात, सांगितलेलं काम करणाऱ्या. मग अजयजी? आठ. आठव्यात कारभार चालवणाऱ्या गोष्टी. अजयजींचा एक मेहुणा दिवसभर संगणकावर पत्ते खेळायचा, त्याला सहा दिला होता, कारण सहावा विभाग खेळांचा. मेहुण्याला तो आकडा बढतीचा वाटत असे, आणि कोणी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

"आणि तुम्ही काका?"

"मी सातवा. जे कुठेच बसत नाही ते सातव्यात टाकतात."

श्रीकृष्ण वामन मुळ्ये तेव्हा पन्नाशीला आले होते. अंगात अर्ध्या बाहीचा पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, एक जाड निबाचं आणि एक बारीक. जाड पेन नावांसाठी, बारीक पेन कंसांसाठी. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही म्हणून आमच्या ऑफिसातल्या एका बाईंनी चौकशी केली, तर म्हणाले की राहून गेलं. ज्या स्वरात आपण बँकेत जायचं राहून गेलं म्हणतो, त्याच स्वरात.

त्यांचे सिद्धांत दोनच होते, पण ते दिवसातून पाच वेळा ऐकायला लागायचे. पहिला: "नाव हे नाव आहे, आकडा हा पत्ता आहे. पत्त्याने नावापेक्षा मोठ्याने बोलायचं नाही." म्हणून कंस ठळक झालेला त्यांना खपत नसे. मी सुरुवातीला घाईघाईत नावाबरोबर कंसही ठळक करून टाकायचे. पान परत यायचं. त्यावर लाल खूण असायची, शब्द एकही नसायचा. एकदा मी चिडून म्हटलं की काका, अमेरिकेतला माणूस कंस जाड आहे की बारीक हे बघणार आहे का? ते म्हणाले, "तो बघणार नाही. पण त्याला कुठेतरी अडखळल्यासारखं होईल आणि का ते कळणार नाही. ते जास्त वाईट."

दुसरा सिद्धांत: "हवाला दिला की पान असलं पाहिजे." 'हेही पाहा' म्हणून नाव लिहिलं आणि ते पानच कुठे नसलं, तर मुळ्येकाकांच्या लेखी ती फसवणूक होती. एका सरकारी कार्यालयात ते दाखल्यासाठी गेले होते. तिथे 'खिडकी क्रमांक चारवर विचारा' अशी पाटी होती. चार नंबरची खिडकी विटा लावून बंद केलेली. बाकीचे लोक हसले आणि तीनवर गेले. मुळ्येकाका तिथेच उभं राहून जाड पेनाने पाटीवर काट मारू लागले. चौकीदाराने हात धरला. ऑफिसात आल्यावर त्यांना दाखला न मिळाल्याचं काही वाटत नव्हतं. पाटीवरचा 'विचारा' तेवढा खोडायचा राहिला, याची चुटपुट होती.

देशात उदारीकरण आलं होतं ते दिवस. आमच्याकडे ते एक एसी, एक फॅक्स आणि अजयजींच्या तोंडी 'क्लायंट' हा शब्द या रूपात आलं. इकडे मालकांच्या तोंडात क्लायंट, तिकडे शहरात एकामागून एक मिलला टाळं. मुळ्येकाका अशाच एका मिलमधून आमच्याकडे आले होते. तिथे ते नियोजन खात्यात होते. मिलने संगणक घेतला तेव्हा दोघांना शिकायला पाठवलं: हे, आणि सुताच्या गोदामातले कमलकिशोर पौराणिक. मशीनसाठी गार खोली बांधली. सगळ्या मिलमध्ये गार अशी तेवढीच खोली असल्यामुळे उन्हाळ्यात साहेबलोकांना संगणकाविषयी फार कुतूहल वाटायचं, असं मुळ्येकाका सांगत.

या दोघांनी मिलसाठी प्रोग्राम लिहिले आणि प्रत्येकाचं पान तयार केलं, थेट कंपनीच्या पुस्तकात असतं तसं. वाटणी ठरलेली: आज्ञांची पानं मुळ्यांची, फाइलींची पानं पौराणिकांची. म्हणजे एकाने एक लिहायचा, दुसऱ्याने पाच. छपाईच्या मशीनवर ठळक अक्षर उमटवायचं तर सुई त्याच अक्षरावर परत ठोकावी लागे. दोघांपैकी एकजण डोळे मिटून आवाज ऐके आणि कंसावर दुसरा ठोका पडला की "रुको" म्हणे. शेवटचं पान 'सूत' या आज्ञेचं होतं. कुठल्या नंबरचं सूत किती शिल्लक, हे सांगणारी आज्ञा. मुळ्यांनी ते पुरं केलं आणि खाली हवाला दिला: सूत, कंसात पाच. पौराणिक ते पान दुसऱ्या दिवशी लिहिणार होते. दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकाला कुलूप आणि नोटीस.

तेव्हापासून मुळ्येकाकांच्या आयुष्यात एक हवाला रिकामा होता. पानांची फाइल तपासायला म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळी घरी नेली होती, तेवढी वाचली. बाकी मशीन गार खोलीत, गार खोली मिलमध्ये आणि मिल सरकारी सीलच्या आत. ती आज्ञा आता कोणी देणार नव्हतं, ते सूत कुठे शिल्लक नव्हतं. तरीही दर रविवारी सकाळी मुळ्येकाका मोपेड काढून शहराबाहेर राऊला पौराणिकांच्या घरी जात. सूत, कंसात पाच, हे पान मागायला. सोमवारी आम्ही विचारायचो, "काका, मिळालं?" ते म्हणायचे, "दुरुस्ती आहे." चार वर्षं ही दुरुस्ती चालू होती. ऑफिसात ती एक बारमाही करमणूक झाली. मीही तिच्यावर यथेच्छ हसले आहे.

मग अजयजींनी कंपनी पुण्याला न्यायचं ठरवलं. तिकडच्या एका मोठ्या कंपनीशी भागीदारी झाली होती. आम्हा सगळ्यांना महिनाअखेर हो किंवा नाही सांगायचं होतं. नाही म्हणणाऱ्याची नोकरी संपणार, हेही अजयजींनी गोड शब्दांत सांगून टाकलं. मी हो म्हटलं. मेहुण्याने तर दोनदा म्हटलं. मुळ्येकाका म्हणाले, पान झालं की येतो.

अजयजींना ते हवेच होते. त्यांची पानं बघूनच परदेशातल्या लोकांनी काम दिलं होतं. त्यांनी समजावलं, रागावले, परत समजावलं. शेवटी म्हणाले, "मुळ्येजी, वो मशीन कबाड़ है अब. किसके लिए लिखवा रहे हो?"

"मशीन कबाड़ है, अजयजी," मुळ्येकाका शांतपणे म्हणाले. "हवाला तो मैंने दिया है ना."

पन्नाशीच्या माणसाला त्या वेळच्या इंदूरात दुसरी संगणकाची नोकरी मिळणं कठीण होतं. अर्धं शहर आधीच काम शोधत होतं. मुळ्येकाकांना हे कळत होतं. आकड्यांच्या बाबतीत ते कधीच भाबडे नव्हते.

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा अजयजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. तू राऊला जा, त्या पौराणिकांना समोर बसवून पान लिहून घे आणि घेऊन ये, म्हणजे हा माणूस मोकळा होईल. मुळ्येजींना सांगू नकोस. मी पहिल्या विभागातली, म्हणजे आज्ञाच असल्यामुळे, राऊवरून जाणाऱ्या महूच्या बसमध्ये बसून गेले.

राऊमध्ये तेव्हा मोकळे प्लॉट होते आणि मध्ये मध्ये घरं. पौराणिकांचं घर एक खोली, एक ओटा आणि मागे लिंबाचं झाड, एवढं. त्यांच्या पत्नीने दार उघडलं. मुळ्येजींच्या ऑफिसातली म्हटल्यावर पाणी आलं, शेव आली, चहा आला. पौराणिक आत झोपले होते, म्हणून आम्ही ओट्यावर बसलो. पान कुठवर आलं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी एकदा आत बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मिल बंद हुई ना बेटा, तो साल भर ये बोले नी. किसी से नी. दीवार की तरफ मुँह करके बैठे रहते थे."

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. डॉक्टर झाले, बाबा झाले, मुलगी सासरहून येऊन रडून गेली. मुळ्येजी मात्र रडले नाहीत की त्यांनी समजावलं नाही. दर रविवारी यायचे, समोर कोरा कागद आणि दोन पेनं ठेवायचे, 'पौराणिकजी, पाँच नंबर दे दो' म्हणायचे, चहा घ्यायचे, आणि कोराच कागद उचलून जायचे. साल भर. मग एका रविवारी पौराणिकांनी जाड पेन उचललं आणि 'सूत' एवढंच लिहिलं. त्याच दिवशी जेवताना मीठ मागितलं. वर्षभरात तोंडातून निघालेला तो पहिला शब्द, म्हणून त्या माऊलीने मीठ द्यायचं सोडून देवापुढे दिवा लावला होता.

तीन वर्षं ज्यावर हसले ते असं निघालं होतं आणि मला स्वतःची चांगलीच लाज वाटत होती.

इतक्यात पौराणिक स्वतःच बाहेर आले. बारीक चणीचे, चष्मा नाकावर घसरलेला, चांगले बोलते-चालते. मी कशाला आले ते ऐकून घेतलं, आत गेले आणि कपाटातून कागदांचा हा एवढा गठ्ठा आणला. सगळ्यात वर या आठवड्याचं पान होतं. मी ते वाचलं. मुळ्येकाकांच्या हाताखाली तीन वर्षं काढली होती, त्यामुळे वाचायचं म्हणजे कसं वाचायचं ते मला येत होतं. नाव, थोडक्यात अर्थ, फाइलीतल्या रकान्यांचा क्रम, उदाहरण. सगळं चोख, अक्षर तर छापल्यासारखं. खाली 'हेही पाहा' आणि हवाला मुळ्यांच्या पानाचा: सूत, कंसात एक. फक्त एक गोष्ट होती. वर शीर्षकात सूत आणि कंसात पाच लिहिलं होतं, त्यातला कंस जाड पेनाने काढला होता. आकड्यासकट.

मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "अंकलजी, बस ये एक कोष्ठक पतला कर दीजिए. पन्ना तैयार है."

त्यांनी कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "रहने दो. मुळ्येजी देख लेंगे."

तेव्हा मी खालचं पान बघितलं. तेच, शब्दाला शब्द तेच, आणि त्याच कंसावर लाल खूण. त्याच्या खालचंही तसंच. मी गठ्ठा मधूनच उघडला. तीन वर्षांची पानं, प्रत्येकावर एकच चूक, एकाच जागी. मी वर बघितलं तर पौराणिक चष्मा पुसत होते.

"उनका कौन है, बेटा?" ते म्हणाले. "मिल थी तो मिल थी. अकेला आदमी इतवार को जाए कहाँ? मैं ठीक कर दूँगा तो वो अगले हफ्ते क्या देखने आएँगे?"

त्यांनी मला लिंबं बांधून दिली. बसमध्ये मी ती मांडीवर घेऊन बसले होते आणि माझी पुरती पंचाईत झाली होती. हा माणूस समजत होता की आपण मुळ्यांना सांभाळतो आहोत. मुळ्यांना दर आठवड्याच्या या चुकीचा अर्थ कळत असेल का, हे मला ठरवता येईना. आणि केबिनमध्ये बसलेले अजयजी मला काय विचारणार, ते तर ठाऊकच होतं.

ऑफिसात पोहोचले तेव्हा चार वाजले होते. मुळ्येकाकांनी लिंबांकडे बघितलं आणि समजायचं ते समजले. तशी लिंबं दर सोमवारी त्यांच्या टेबलावर असत.

"किती चुका?" त्यांनी विचारलं.

"एक."

"पाचाच्या कंसावर."

मी मान हलवली. त्यांनी बारीक पेनाचं टोपण लावलं. "वीस वर्षं आम्ही बरोबर काम केलं. पानं लिहायला लागल्यापासून त्या माणसाचा एक कंस कधी जाड झाला नाही. आता दर आठवड्याला होतो. मला कळत नसेल असं त्याला वाटतं, तर वाटू दे."

"पण काका, तुमची नोकरी…"

"हो, जाईल," ते म्हणाले. मग लावलेलं टोपण त्यांनी परत काढलं. "मी तिकडे गेलो तर तो परत भिंतीकडे तोंड करून बसेल, असं मी सगळ्यांना सांगू शकतो. ते खरंही आहे. पण सुनीता, पुण्यात रविवार उजाडला की मी काय करू? मला दुसरं कोणी नाही ग."

एवढं बोलून ते पुढचं पान तपासायला लागले. माझंच होतं ते.

मी केबिनचं दार ढकललं. आत एसी चालू होता आणि अजयजी पुण्याच्या फॅक्सची वाट बघत होते. आता जे मी बोलणार होते, त्याने मुळ्येकाकांची नोकरी जाणार होती, आणि ती माझ्या तोंडून जाणार होती. दुसरा काही मार्ग सापडतो का म्हणून मी राऊपासून इथपर्यंत डोकं खाजवलं होतं. अजयजींनी हात पुढे केला. मी म्हटलं, पान झालेलं नाही.

"अरे यार," ते म्हणाले. "और कितना टाइम लगेगा?"

"दोनों की तबीयत अच्छी है, सर," मी म्हटलं. "बहुत टाइम लगेगा."